आमच्या घरचे कापडाचे रेशन

‘दंड’ या शब्दाचे अर्थ सांगा, असे रविवारच्या मराठी वर्गात मुलांना विचारले की चार उत्तरे हमखास येतात. काठी, शिक्षा म्हणून भरावयाची रक्कम, खांदा आणि कोपर यांमधला हात, आणि बैठकांच्या जोडीने काढावयाचा व्यायाम. पाचवा अर्थ कोणी सांगत नाही. मुलांचे सोडा, त्यांना वर्गास पोहोचविण्यासाठी आलेल्या आईवडिलांनाही तो आठवत नाही. वापरून वापरून मध्यभागी विरलेले लुगडे टाकून देण्याची रीत पूर्वी नव्हती. विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांस जोडावयाचे. त्या जोडाला ‘दंड’ म्हणत. धोतरालाही दंड घालीत. आमच्या मातोश्रींच्या नेहमीच्या वापरातल्या दोन लुगड्यांपैकी एक तरी दंड घातलेले असे, आणि त्यात त्यांना अथवा इतर कोणालाही काही विशेष वाटत नसे. कोशातून शब्द नाहीसा होण्यापूर्वी घरातून वस्तू नाहीशी होते, असा आमचा चाळीसेक वर्षांच्या वाचनाचा अनुभव आहे.

त्या लुगड्याचा पुढचा प्रवास आजच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना तरी स्मरत असेल. दंड घातलेले लुगडे आणखी एखाद-दोन वर्षे चाले. मग त्याची बाळंतघरी दुपटी आणि झबली होत, कारण शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ काही नसते. त्यातून उरलेले गोधडीच्या थरांत जाई. गोधडी फाटली की पोतेरे, पोतेरे झिजले की चुलीजवळची चिंधी. काठ मात्र शेवटपर्यंत वेगळे जपले जात. त्यांचे नाडे होत, पिशव्यांचे बंद होत. बोहारणीच्या टोपलीत जे जाई ते आधी तीनदा उलथेपालथे करून पाहिलेले असे. एका पातेल्यासाठी किती कपडे, यावर आमच्या आळीत जी घासाघीस चाले ती ऐकून कोणी वकिलाने धडे घ्यावेत.

आमचे बालपण १९७० नंतरच्या दशकातले, इंदुरातल्या एका वाड्यातले. त्या काळी गिरण्यांवर ठरावीक प्रमाणात स्वस्त कापड काढण्याचे बंधन होते आणि ते ‘कंट्रोलचे कापड’ ठराविक दुकानांतून मिळे. वडील दिवाळीपूर्वी एकदाच जात आणि एकाच थानातून सर्वांसाठी कापड फाडून आणीत. आम्ही तीन भाऊ आणि दोन चुलतभाऊ एकाच नक्षीच्या सदऱ्यांत पाडव्याला बाहेर पडलो की शेजारचे काका ‘बँडपथक निघाले’ असे म्हणत. थोरल्याचा सदरा धाकट्याकडे येई, त्याचा पुढच्याकडे. आम्ही मधले असल्याने आमच्या वाट्याला नवेही येई आणि जुनेही. धाकट्याला मात्र मुंजीपर्यंत नवा सदरा ठाऊक नव्हता. त्या दिवसांचे गुणगान करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एकच गरम कपडा असलेल्या मुलाची जानेवारीतली सकाळ कशी असते, ते ज्याने भोगले आहे त्याने टंचाईला सोन्याचा मुलामा देऊ नये.

तथापि टंचाई गेली आणि तिच्या जागी जे आले त्याचाही हिशेब कधी तरी मांडावयास हवा होता. तो आम्ही उभयतांनी २०२३ च्या गुढीपाडव्याच्या आधल्या रविवारी मांडला. निमित्त साधेच होते. कपाटाचे दार लागेना. सौ. म्हणाल्या, “अहो, सुतार बोलवा, बिजागरी गेली आहे.” सुताराने येऊन बिजागरी तपासली आणि ती ठीक असल्याचा निर्वाळा देऊन तो निघून गेला. तेव्हा सर्व कपडे बाहेर काढून मोजले. सौ.च्या साड्या एकसष्ट निघाल्या. त्यांपैकी तेवीस एकदाही नेसलेल्या नव्हत्या आणि त्या तेविसांपैकी एकोणीस कोणाच्या ना कोणाच्या लग्नामुंजीत आहेर म्हणून आलेल्या होत्या. न शिवलेले ब्लाउजपीस चौतीस. आमचे सदरे सतरा, आणि शर्टपीस-पँटपीसच्या खोक्यांची चळत वेगळी. चिरंजीवांची मोजणी तेराव्या टी-शर्टापाशी त्यांनीच विनंतीपूर्वक थांबविली.

याच सुमारास इंग्लंडात राहणाऱ्या आमच्या पुतणीने तेथील एका संग्रहालयात पाहिलेल्या कुपन-पुस्तिकेचे छायाचित्र पाठविले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशन सुरू झाले आणि ते मार्च १९४९ पर्यंत, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ चार वर्षे होईतो, टिकले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने होती. पुरुषाच्या पुऱ्या सूटला २६ कुपने पडत, आणि विणकामाच्या दोन औंस लोकरीला एक. कुपने देऊन कपडा फुकट मिळत नसे, पैसे द्यावे लागतच. श्रीमंताच्या खिशात पैसा असला तरी कुपने संपली की त्याचाही हात आखडे, हे त्यातले मर्म. सुरुवातीस वेगळ्या पुस्तिका छापलेल्या नव्हत्या, म्हणून लोकांच्या अन्नाच्या रेशनपुस्तकातली मार्गारीनची उरलेली कुपने कपड्यांसाठी चालविली. पुढे १९४३ मध्ये सरकारने ‘आहे ते चालवा आणि दुरुस्त करा’ अशा आशयाच्या नावाची पुस्तिकाच काढली. आपल्याकडेही त्याच वर्षी, १९४३ मध्ये, कापड आणि सुताच्या नियंत्रणाचा हुकूम निघाला होता. पण आपल्याकडच्या नियंत्रणाच्या आठवणी रांगांच्या आणि काळ्या बाजाराच्या आहेत.

पुतणीचे ते छायाचित्र पाहून सौ. म्हणाल्या, “मग आपणच आपले रेशन का लावू नये?” मुख्याध्यापकाच्या घरात नियमावली तयार होण्यास उशीर लागत नाही. घरात चार माणसे: आम्ही उभयता, चिरंजीव, आणि पुण्यास नोकरी करणारी कन्या, जिने दूरध्वनीवरून सभासदत्व पत्करले. पाडवा ते पाडवा माणशी तीस कुपने. सुती साडीस आठ, इतर साडीस बारा, सदऱ्यास पाच, पाटलोणीस सात, ब्लाउजला आणि परकराला प्रत्येकी तीन, आतल्या कपड्यांस आणि मोज्यांस एक, शंभर ग्रॅम लोकरीस एक. सुई, दोरा, गुंड्या, चेन, अस्तर यांना कुपन नाही. कुपने एकमेकांस देता येतील. उधार मात्र मिळणार नाहीत. आणि सर्वांत वादग्रस्त कलम असे की आहेरात किंवा भेट म्हणून आलेल्या कपड्यासही पुरी कुपने पडतील. हे कलम सौ.नी घातले. त्या म्हणाल्या, “नाही तर तुम्ही मला साडी भेट द्याल, मी तुम्हाला सदरा, आणि दोघांचीही कुपने शिल्लक!”

चिरंजीव संगणकाच्या कचेरीत नोकरीस असून त्यांची खरेदी रात्री अकरानंतर मोबाइलवर चालते. त्यांची तीस कुपने श्रावण लागण्यापूर्वी संपली. पुढील सात-आठ महिने त्यांनी नियम पाळला हे नमूद केले पाहिजे. त्यांच्या एका निळ्या पाटलोणीने आम्हांस पेचात टाकले होते. ती गुडघ्यावर फाटली म्हणून सौ.नी ठिगळ लावण्यास घेतली, तेव्हा ती दुकानातूनच फाटकी आली असून त्यासाठी जादा पैसे मोजले आहेत, असा खुलासा झाला. फाटण्याचे पैसे दुकानदार घेतो आणि शिवण्याचे रफूगर, अशा या व्यवहारात गिऱ्हाईकाचे स्थान कोठे, यावर त्या रात्री बरीच चर्चा झाली.

कुपनांचा पहिला परिणाम असा की घरातले शिवणकाम जागे झाले. सौ.च्या हातात ते होतेच. आम्हांस मात्र गुंडी लावण्यापलीकडे काही येत नव्हते. पन्नाशी उलटल्यावर एखादी हस्तकला शिकावयास घेतली की विद्यार्थ्यांविषयी सहानुभूती वाढते, हा एक जादा लाभ. सदऱ्याची कॉलर मानेशी झिजली असता ती उसवून, उलटी करून पुन्हा बसविता येते आणि सदरा आणखी तीन वर्षे चालतो. चादर मध्यभागी विरली की ती उभी फाडून बाहेरचे काठ आत आणून जोडावयाचे आणि विरलेल्या कडा दुमडून बाहेर घालावयाच्या. दंडाचाच हा चुलतभाऊ. मोजाची टाच विणावयाची तर आत जुना, जळालेला विजेचा दिवा घालावयाचा. गोलाईमुळे धागे ताणले जात नाहीत. आधी एका दिशेने समांतर धागे टाकावयाचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून न्यावयाचा. म्हणजे सुईच्या टोकावर मागच उभा राहतो. मात्र भोकाच्या पलीकडे धड कापडातही बोटभर जावे लागते. फाटक्या कडेपाशीच थांबलेली शिवण पहिल्या धुण्यात निसटते.

खरे रफू ही निराळीच विद्या. उत्तर प्रदेशातील नजीबाबादचे रफूगर शालींच्या कामासाठी नावाजलेले आहेत. रफूगर त्याच वस्त्राच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागातून धागे काढतो आणि त्याच धाग्यांनी ताणाबाणा भरतो, म्हणून जोड ओळखू येत नाही. हे काम आम्हांस येणे शक्य नाही. कपडा बाजाराच्या बाजूस एका बोळात बसणाऱ्या वृद्ध रफूगराकडे आमचा लग्नातला कोट घेऊन गेलो, तेव्हा त्याने बाहेरून पाहण्याऐवजी कोट प्रथम उलटा केला, शिवणी बोटांनी चाचपल्या आणि शिंप्याचे कौतुक केले. शिवणीत माया भरपूर आहे, असे त्याचे म्हणणे. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडास आपल्याकडचे शिंपी ‘माया’ म्हणतात. मूल वाढेल, माणूस जाड होईल, कापड फाटेल, या सर्वांचा विचार करून ती ठेवलेली असते. एम. ए. ला आम्ही मायेवर पुष्कळ वाचले, संतांचीही आणि वेदांत्यांचीही. पण हा अर्थ कोणत्या पुस्तकात भेटला नाही. तयार कपड्यांच्या शिवणी उलटून पाहा. यंत्राने दोऱ्याची कड घालून जेमतेम पाव इंच कापड सोडलेले असते. त्यांत माया नसते, म्हणून ते मोठे होत नाहीत आणि दुरुस्तही होत नाहीत.

तो कोट काढण्याचे कारण घडले ते असे. देवासला आमच्या थोरल्या भगिनी असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत भाच्याचे लग्न ठरले. मामा म्हणून आमच्याकडून जे द्यावयाचे ते देण्यास कुपनांची आडकाठी नव्हती. नियम घेण्यापुरताच होता. परंतु बहिणीनेही भावाला सूट आणि भावजयीला शालू करावयाचा ठरविला होता, कापडही पाहून ठेवले होते. आम्ही दूरध्वनीवरून आमची अडचण सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग अक्का म्हणाली, “अरे, नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहणार. लोक मला विचारतील, मुलाच्या लग्नात भावाला धड एक कोट नाही केलास? त्यांना काय सांगू, माझ्या भावाची कुपने संपली?”

वाचकहो, या प्रश्नास उत्तर देणे सोपे नाही. आहेर ही केवळ कापडाची देवघेव असती तर ती केव्हाच बंद पडली असती. आम्हां बाहेरच्या मराठी मंडळींत तर तिला आणखी एक पदर आहे. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदे अशी विखुरलेली घरे. भाषा घरापुरती उरलेली. अशा वेळी कोणी कोणाला काय नेसविले ही नात्याची नोंदवही असते. ती साडी नेसली जावो अथवा न जावो, ‘ही धारच्या मावशीची’ असे म्हणण्यापुरती तरी ती कपाटात राहते. याची दुसरी बाजू सर्वांनाच ठाऊक आहे. जांभळ्या रंगाचा एक खण आमच्या घरातून निघून सहा वर्षांत किती ओट्या भरून आला कोण जाणे, पण कोपऱ्यावरच्या शाईच्या डागासकट तो पुन्हा आमच्याच घरी परतल्याचे सौ.नी मागेच ओळखले होते. देणाऱ्याने निवडलेला नाही, घेणाऱ्यास आवडलेला नाही, आणि तरी कोणी ‘नको’ म्हणावयाचे नाही, असे कापड आपल्या कपाटांतून फिरत राहते. तेवीस न नेसलेल्या साड्यांपैकी एकोणीस आहेराच्या, हा हिशेब अक्कालाही सांगितला. ती म्हणाली, “त्यांतल्या चार माझ्या असतील.” पाच होत्या, ते आम्ही सांगितले नाही.

शेवटी आम्ही लग्नात उभे राहिलो ते १९९७ च्या आमच्याच लग्नातल्या कोटात. शिंप्याने मायेतून दीड इंच सोडविला, अस्तर बदलले, कोपरापाशीची दोन कसरीची भोके रफूगराने बुजविली. छायाचित्रांत तो कोट उत्तम दिसतो, असे आम्ही निःपक्षपातीपणे सांगू शकतो. अक्काला तो उत्तम दिसला नाही. तिने आम्हांस नारळ दिला, मुलाकडून नमस्कार करविला, सर्व रीत केली. आणि त्यानंतर दोन महिने दूरध्वनी केला नाही. होळी गेली, रंगपंचमी गेली. दर रंगपंचमीला इंदूरची गेर कशी झाली हे विचारण्यासाठी तिचा फोन येत असे. त्या वर्षी तो आला नाही. दरम्यान शालू मात्र एका आतेबहिणीच्या हातून येऊन पोहोचला होता. सौ.नी तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू लावले आणि वहीत बारा कुपने वजा केली. त्या वर्षी त्यांची तीसपैकी एकही शिल्लक उरली नाही.

चिरंजीवांनी एकदा जेवताना निराळाच मुद्दा काढला. सर्वांनी असे ठरविले तर कापड विणणाऱ्यांनी काय करावे? इंदुरात हा प्रश्न कोणी हलकेपणाने विचारू नये. हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी या गिरण्यांच्या भोंग्यांवर एके काळी या शहराची घड्याळे लावली जात. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या गणपतींचे देखावे आजही निघतात, गिरण्या बंद पडून तीसेक वर्षे लोटली तरी. हुकूमचंद गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यांचा निकाल लागून पैसे मिळण्याची वाट मोकळी झाली ती २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षांत त्यांतले कित्येक गेले होते. पण या गिरण्या ज्या काळात बंद पडल्या त्या काळात लोक कापड कमी घेत होते काय? उलट, त्याच वर्षांत घरोघरचे एक कपाट अपुरे पडून दुसरे आले. लोकांनी ठिगळे लावली म्हणून गिरण्या बुडाल्या नाहीत. आम्ही भराभर विकत घेतलेले सदरे ज्यांनी शिवले त्यांच्या घरी तरी त्यातले किती पोहोचले, हेही आम्हांस दिसत नाही. वाचलेल्या पैशांतून दुसऱ्या वर्षी सौ.नी महेश्वरास जाऊन मागावरच्या माणसासमोर बसून एक साडी घेतली. दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या किनारीची. आठ कुपने. चिरंजीवांचे यावर पूर्ण समाधान झालेले नाही, आणि आमचेही झाले आहे असे म्हणवत नाही.

शाळेतला प्रसंग सांगावयाचा की नाही याचा आम्ही बराच विचार केला. आमची शाळा सरकारी, हिंदी माध्यमाची, कष्टकऱ्यांच्या वस्तीतली. समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंतच्या मुलांना वर्षास दोन गणवेशांची तरतूद असते. माणशी सहाशे रुपयांच्या हिशेबात जे कापड बसते ते बसते. जुलैत मिळालेल्या पाटलोणीची शिवण दसऱ्याला उसवते, खिशाचा कोपरा फाटतो, आणि मुलगा एका हाताने तो धरून प्रार्थनेस उभा राहतो. काहींच्या गैरहजेरीचे कारण नुसते ‘बीमार’ असे लिहिलेले असते; घरी विचारणा केली तर एकमेव धड गणवेश वाळलेला नसतो.

शनिवारी दप्तराविना शाळा असते. त्या वेळात दुरुस्तीचा तास घ्यावा असे आम्ही ठरविले. आमच्या एका सहकारी बाईंनी फार मोलाची सूचना केली: फाटक्या कपड्याचे मूल ओळखून त्याला सुई देऊ नये. सर्वांनी, शिक्षकांसकट, घरून एकेक काही तरी दुरुस्तीचे आणावे. कोणी उशीचा अभ्रा आणील, कोणी पिशवी. मग कोणाचे काय फाटले आहे याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. मुलग्यांनी प्रथम हे लड़कियों का काम म्हणून नाके मुरडली. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्व पुरुष सुईत दोरा ओवू लागले तेव्हा त्यांचा विरोध मावळला. चष्म्यामुळे दोरा ओवण्यात आम्ही शेवटचे आलो, याचा तर त्यांना विशेष आनंद झाला.

तिसऱ्या शनिवारी आम्ही आमचा घरचा जुना कोट नेला आणि कोपरावर लावलेले ठिगळ मुलांस दाखविले. ठिगळ लावलेला कपडा घालण्यात कमीपणा नाही, अशा अर्थाचे चार शब्द बोललो. सातवीतली एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, मान वर न करता म्हणाली, “सर, आपकी अलमारी में दूसरा कोट है न.”

वर्गात कोणी हसले नाही. तिने ते उद्धटपणे म्हटले नव्हते. गणितातली पायरी राहिली असता मुले दाखवून देतात तसे म्हटले होते. स्वतः होऊन कमी घेणे आणि कमीच मिळणे यांत जे अंतर आहे ते तिने मोजक्या शब्दांत सांगितले. आमच्या तीस कुपनांच्या मागे एकसष्ट साड्यांचे आणि सतरा सदऱ्यांचे कपाट उभे आहे, हे आम्ही मोजून पाहिलेलेच होते. आम्ही तिला म्हणालो, “हाँ बेटा, है.” मग तास पुढे चालू झाला. त्यानंतर ठिगळाच्या थोरवीवर आम्ही शाळेत बोललो नाही. फक्त शिवणे शिकवितो. खरे पाहता तीच शिकविते. तिची आई घरी साड्यांना फॉल लावण्याचे काम घेते, आणि गाठ कापडाच्या दोन पदरांत कशी लपवावी हे आमच्या शाळेत प्रथम त्या मुलीने दाखविले. काजाचा टाकाही तिचा सर्वांत नीट पडतो. सौ.नी न शिवलेल्या पिसांची पेटी शाळेस पाठविली तेव्हा तिच्यातून काय करावयाचे हे आम्ही ठरविले नाही, बाईंनी आणि मोठ्या मुलींनी ठरविले. ब्लाउजपिसांच्या अस्तराने आता पुष्कळ खिसे भक्कम झाले आहेत. प्रार्थनेच्या रांगेत एखाद्या मुलाने रुमाल काढला की खिशातून जरीची कड चमकते.

गेल्या दिवाळीनंतर देवासहून बातमी आली की अक्का आजी होणार. फोन तिनेच केला. पूर्वीच्या दोन महिन्यांचा विषय तिने काढला नाही, आम्हीही नाही. बाळासाठी काय करावे असे सौ. विचारू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, “तुमचे रेशन आहे ना? मग विकत काही आणू नका,” आणि थोडे थांबून, “आईच्या हातचा तुझा तो राखी स्वेटर आहे का रे अजून?”

होता. १९९४ मध्ये नोकरी लागली तेव्हा मातोश्रींनी तो विणला होता. त्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली. दोन्ही कोपरांपाशी आणि पाठीवर कसरीने खाल्ला असल्यामुळे तो घालण्याजोगा राहिला नव्हता, आणि तरी तीन वर्षांच्या सर्व मोजण्यांत आम्ही त्याला कपड्यांत धरले नव्हते. डांबरगोळ्या घालून तो वेगळाच ठेवलेला होता. तो उसवावयाचा म्हणजे त्यांचे टाके उसवावयाचे. आम्ही दोन दिवस काही बोललो नाही. सौ.नीही घाई केली नाही.

हातविणीचा स्वेटर उसविता येतो, कारण त्याचे भाग नीट विणून कडेने शिवलेले असतात. यंत्राच्या कापडातून कापून केलेल्या स्वेटरात प्रत्येक ओळ तुटलेली असते, त्याचे काही होत नाही. सौ.नी आधी टोकाचा एक धागा जाळून पाहिला. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, म्हणजे लोकर शुद्ध. बनावट लोकर वितळून तिचा मणी होतो. मग बाजूच्या शिवणी सोडल्या. विणकाम जेथे संपविले असेल तेथून उसवावे लागते, म्हणून खांद्यापासून सुरुवात केली. सौ. ओढीत होत्या आणि आम्ही गुंडाळीत होतो. एका ठिकाणी, डाव्या बाहीवर, लागोपाठ दोन टाके सुलट पडले होते जेथे एक उलट हवा होता. तीस वर्षे तो स्वेटर अंगावर असून ते आमच्या लक्षात आले नव्हते. सौ. क्षणभर थांबल्या, आम्हांस ते दाखविले, आणि पुन्हा ओढू लागल्या.

कुरळी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीवर लडींनी गुंडाळली, चार जागी सैल बांधली, कोमट पाण्यात धुतली आणि खाली वाटीचे वजन टांगून गच्चीवर सावलीत वाळविली. तुटके तुकडे बाजूला काढून तीनशे दहा ग्रॅम भरली. धागा झिजून बारीक झाला आहे, म्हणून तो दुपदरी घ्यावा लागेल. आणि गळ्यापाशी बोचू नये म्हणून आतून जुन्या सुती साडीचे झबले. एक स्वेटर, दोन टोपडी आणि पायमोजे एवढे त्यात बसते असा सौ.चा अंदाज आहे. कुपनांच्या वहीत ही नोंद कशी करावी असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. पाठीचा भाग विणून झाला आहे. बाह्यांच्या मापासाठी अक्काने मोठ्या मुलाचे, म्हणजे त्याच भाच्याचे, बाळपणीचे एक झबले पाठविले आहे. त्याच्या काखेत ठिगळ आहे.